हा डबा किती वर्षं टिकला पाहिजे?

अब्बा,

गेल्या महिन्यात मी एका माणसाला तुमचाच प्रश्न विचारला, आणि या खेपेला उत्तर मिळालं. म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. आता माझी मुलगी कॉलेजात जाते. रावेतला राहतो आम्ही. एप्रिल आहे, आणि सकाळचे दहा वाजायच्या आत बाल्कनीची फरशी पायाला चटके देतेय.

कुदळवाडीतला तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी दहावीत आहे, भंगाराच्या दुकानात तुमचं जेवण घेऊन आलेय. एका बंद पडलेल्या कारखान्याचा माल नुकताच उतरवलाय. त्यात घागरीएवढं एक लोखंडी भांडं आहे आणि ते दोघांना मिळूनही उचलवत नाही. आत शिसं असणार, हे तुमच्या मुलीला कळायला वेळ लागत नाही. "अब्बा, फोडलं तर चांगला भाव येईल," मी म्हणते. तुम्ही असे खेकसता की मी दोन पावलं मागे सरते. "भाव कळतो आणि माल कळत नाही? एवढ्याशा भांड्याला एवढं जाड कवच कुणी उगाच करतं का? चल, मागे हो!" त्यावर पिवळ्या पट्टीत तीन पाकळ्यांचं चिन्ह होतं. त्याचा अर्थ तुम्हालाही ठाऊक नव्हता, मलाही नव्हता. तुम्ही फक्त वजनावरून ओळखलंत. सगळ्यांना रस्त्यापलीकडे हाकललंत, पोलिसांना कळवलंत, आणि सरकारी माणसं येईपर्यंत दोन दिवस दुकान बंद ठेवलंत. शेजारचे हसले. मग ती माणसं आली, त्यांनी एक यंत्र जवळ नेलं आणि ते टकटक करायला लागलं, तेव्हा कुणी हसलं नाही. टाकीतली पातळी मोजायला कारखान्यात असं किरणोत्सारी द्रव्य वापरतात, ते म्हणाले. भांडं शाबूत आहे, कुणाला काही झालेलं नाही. "आणि फोडलं असतं तर?" असं तुम्ही विचारलंत. मोठ्या साहेबांनी नुसता तुमच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, आता हे टाकणार कुठं?"

"टाकत नाही चाचा, ठेवतो."

"किती दिवस?"

साहेब हसले आणि गाडीत बसले. ते हसणं तुम्हाला लागलं. जेवताना अम्मीला सांगत होतात, "माझ्याकडं आलेला पत्रा भट्टीत जातो, पुठ्ठा गिरणीत जातो. प्रत्येक वस्तू पुढं कुठं जाते ते मी सांगू शकतो. ह्यांना फक्त ठेवायचं माहीत?"

आता मी निघोज्याजवळच्या एका कंपनीत वेल्डिंगचे जोड तपासते. यंदा आमच्याकडे स्टीलच्या उंच, सडपातळ डब्यांची ऑर्डर आली. आत काय भरणार, आमच्या वेल्डिंग शॉपमध्ये कुणी विचारलं नाही. मी कागद वाचले. अणुवीज केंद्रातला कचरा! तुमचा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळतोय. तपासणी अशी असते: जोडावर लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर आत मुरलेला लाल रंग वर येतो. एका डब्यावर तो आला.

"मॅडम, केसाएवढी रेघ हाय," आमचे सुपरवायझर म्हणाले. निघोज्याचेच आहेत, भला माणूस. "घासली की जाईल. उद्या डिस्पॅच हाय, राव."

"घासा. मी परत रंग लावणार."

तीनदा घासलं, तीनदा रेघ उमटली. मी डबा नाकारला. ऑर्डर आठवडाभर लांबली, त्या आठवड्यात शॉपमध्ये मला कुणी चहाला बोलावलं नाही.

त्या नाकारलेल्या डब्यापायी ग्राहकाकडून एक वयस्कर इंजिनियर आले. काम झाल्यावर मी विचारलं, "सर, हा डबा किती वर्षं टिकला पाहिजे?" ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, जळालेल्या इंधनातलं जे पुन्हा वापरता येतं ते काढून घेतात. (अब्बा, हे ऐकून तुम्ही मान डोलावली असतीत.) उरलेलं वितळलेल्या काचेत मिसळून या डब्यात ओततात, झाकण लांबून यंत्रानं जोडतात, आणि जमिनीखालच्या कोठारात थंड होत ठेवतात. "काही दशकं कोठार सांभाळेल. पुढं खोल खडकात न्यायचं. त्यातलं काही हजारो वर्षं धगधगणार, तिथं डबा पुरणार नाही, खडकच पाहिजे. ती जागा अजून ठरलेली नाही."

"मग बनवायचंच कशाला?"

त्यांनी वरच्या दिव्यांकडे बोट केलं. "ही वीज बहुतेक कोळशाची. तिचा धूर कोण डब्यात भरतं? सोडून देतो आपण, आणि हवा तापते. आमचा कचरा थोडा आहे, पण हट्टी आहे."

"ज्यांच्या गावाखाली पुरणार, त्यांना विचाराल?"

"विचारायला हवं," ते म्हणाले. "मला वाटतं, खडक शोधण्यापेक्षा तेच अवघड आहे."

माझं समाधान पुरतं झालं नाही, पण फसवल्यासारखंही वाटलं नाही. तुम्ही असतात तर त्यांना उठू दिलं नसतंत. हजार वर्षांनी राखण कोण करणार, आणि तेव्हाच्या माणसाला हात लावू नको हे कुठल्या भाषेत सांगणार? मला हे खरंच जाणून घ्यायचंय. मुलगी म्हणते, सूर्य आणि वारा पुरेसा आहे. मी म्हणते, हिशेब मांडून दाखव. आम्ही दोघी सध्या वाचतोय.

हे कुठं पाठवायचं नाहीच, तर एक गोष्ट सांगून टाकते. निघताना त्या इंजिनियरनी विचारलं, "असले प्रश्न तुम्हाला सुचतात कुठून? वडील काय करायचे?" मी म्हणाले, "धातूंचा व्यापार."