मनोहर, तुझा टॅग आम्ही काढला

प्रिय मनोहर,

तुला जाऊन सहा दिवस झाले. गेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का? पण माझ्या पोटात राग मावेना झाला आहे, आणि माझा राग ऐकून घेणारा एकच माणूस होता, तोच उठून गेला. म्हणून लिहून राहिलो. चुका काढू नकोस. मॅट्रिक नापास माणसाचं पत्र आहे, हे तुला नव्यानं काय सांगायचं!

आधी तुझ्यावरचाच राग काढतो. रविवारी सकाळपासून तुझ्या छातीत दुखत होतं, असं तुझी कुंदा सांगते. तू तिला म्हणालास, "गॅस झाला असंन." अरे, तीस वर्षं माझ्याबरोबर मिलमध्ये मोटरचं बेअरिंग जरा तापलं की नुसता हात लावून ओळखायचास, आणि स्वतःच्या छातीला हात लावून बघता आलं नाही? स्मृति नगरातून बोरसीला मला फोन करायला किती बटणं दाबावी लागतात रे?

आणि दवाखान्याच्या सर्व्हरचा पासवर्ड? "दादा, तुमाले एक दिवस सारं बसून सांगतो," असं दोन वर्षं म्हणत राहिलास. तो एक दिवस कुठे गेला?

तू दवाखान्यात तो सर्व्हर बसवलास, तेव्हा मी तुझी किती टिंगल केली! सिकलसेलच्या पेशंटांचा तो धर्मादाय दवाखाना, मशीन तिथे माळ्यावरच्या खोलीत, आणि तू घरी बनियनवर बसून ती चालू-बंद करायचास. मी म्हणालो, "मन्या, उंटावरून शेळ्या हाकून राहिला तू." तर तू म्हणालास, "दादा, शेळ्यायनं दूध देल्लं म्हंजे झालं. उंट काहून मोजता?"

मग तू मला समजावलंस. त्या मशीनमध्ये एक छोटं वेगळं डोकं असतं, मशीन झोपली तरी ते जागं राहतं. घरून त्याला सांगितलं की ते मशीनला उठवतं. आणि घरच्या कॉम्प्युटरमधली एखादी फाइल अशी जोडून देता येते, की सर्व्हरला वाटावं आपल्या पोटात कोणी खरीच डिस्क घातली. व्हर्च्युअल ड्राइव्ह म्हणतात त्याला. मी म्हणालो, "म्हंजे नैवेद्यासारखं. ताट आपल्याच घरी, अन् देवाचं पोट भरलं!" तू किती हसला होतास त्या दिवशी.

सोमवारी आम्ही तुला पोचवून आलो, आणि तिकडे दवाखान्यात सर्व्हर उघडेना. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या चार ओळी, बस. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मी गेलो तेव्हा नंदिनी गावची फुलबाई आपल्या पोरीला घेऊन बाकावर बसली होती. त्या पोरीला कोणतं रक्त सोसत नाही, हे सगळं तू भरून ठेवलेलं. क्लार्क म्हणे, रेकॉर्ड नाही, सगळ्या तपासण्या परत करा. फुलबाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "मोर नोनी ला फेर सूजी लगाहू का?" पोरीला परत सुई टोचणार का, विचारत होती. त्या हातावर टोचायला जागा तरी उरली आहे का? कोणाला सांगू?

त्याच दिवशी रायपूरच्या एजन्सीचा माणूस आला. चांगला चाळिशीचा, गळ्यात पट्टा, कानात यंत्र. दोनदा एन्टर दाबलं, दोनदा तेच काळं पान आलं. लगेच निकाल! "अंकल, ओएस उड़ गया है. शुक्रवार को फॉर्मेट मार देंगे, नया जैसा हो जाएगा."

मी विचारलं, "और पुराना रिकॉर्ड?"

"वो तो गया समझो."

गया समझो! आठ वर्षांचं तुझं काम, दोन शब्दांत! नाचता येईना, अंगण वाकडं.

पण मनोहर, त्याच्यापेक्षा जास्त आग मला गुरुवारी लागली. दवाखान्यात तुझी शोकसभा होती. तुझ्या फोटोला हार घातला, आणि सेक्रेटरीसाहेब माइकवर काय म्हणाले ठाऊक आहे? "मनोहरभाऊ देवमाणूस होते. पण एकट्यानंच सारं करत, कोनाले सांगत नव्हते. आता जाता जाता साऱ्यायचे रिपोर्ट घेऊन गेले." आणि चार लोक हसले! कुंदा पहिल्या रांगेत बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. लोक मेलेल्या म्हशीला मणभर दूध असं म्हणतात. माफ कर, तुला म्हैस म्हणत नाही. पण इथे तर दूध पिणाऱ्यांनीच म्हशीला नावं ठेवली!

मी भाषण अर्धं टाकून उठलो. मग सरळ माळ्यावर गेलो आणि त्या पडद्यासमोर चष्मा पुसून बसलो. इंग्रजी मला अजूनही एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. वाचलं. अर्थ असा होता: नक्कल पूर्ण झाली. डिस्क काढा आणि एन्टर दाबा.

डिस्क काढा! शोकसभेला आलेला एजन्सीवालाही मागोमाग वर आला. म्हणे, "देखा अंकल? डिस्क निकालो बोलता है, और मशीन की ट्रे में डिस्क है ही नहीं. पागल हो गया है."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, मशीन कशाला वेडी होईल? डिस्क होती ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा, फक्त इथे काख दुसऱ्या मोहल्ल्यात होती. डिस्क तुझ्या घरी होती, मनोहर, तुझ्या कॉम्प्युटरमधून जोडलेली. ती निघत नाही तोवर मशीन दर वेळी तिच्यावरूनच उठणार आणि तेच पान दाखवणार.

तसाच स्मृति नगरला आलो. कुंदाला म्हटलं, "मन्याच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला?"

"नाही दादा. हे म्हनून गेले होते, काम चालू हाये, बंद नको करजो. आंघोळ करून येतो म्हनाले, अन् तिथंच..." तिनं न्हाणीघराच्या दाराकडे बोट दाखवलं.

माउस हलवला. पडदा जागा झाला. दवाखान्याची तीच काळी खिडकी तुझ्या टेबलावर उघडी होती, आणि बाजूला जोडलेल्या ड्राइव्हचं नाव: 'मनोहर काम चालू हात लावू नये.' अक्षरं इंग्रजी, बोल आपले.

मी माउसवरून हात काढला. तू शटडाऊनचा टॅग लावून गेला होतास! मिलमध्ये दुरुस्तीसाठी मशीन बंद केली की स्विचवर ज्यानं आपल्या नावाचा टॅग टांगला, त्यानंच तो काढायचा. आत माणूस असेल, दुसऱ्यानं काढला तर जीव जाईल. एकदा मी टॅग विसरून घरी आलो, तर फोरमननं आंघोळीवरून उठवून ओल्या अंगानं मला सायकलवर बसवून परत नेलं होतं. तू हसत उभा होतास. आता तुला कोणाच्या सायकलवर बसवून आणू?

पाच मिनिटं मी ड्राइव्ह सोडवायचं बटण दाबू शकलो नाही. कुंदा म्हणाली, "काय झालं दादा?"

मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "मालक येऊ शकत नसंन, तर दोन मानसं लागतात. एक काम जाननारा, एक त्याच्या घरचा. काम मी पाह्यलं, पुरं झालं हाये. घरची तू."

तिनं डोळे पुसले आणि स्वतःच्या बोटानं तुझी ड्राइव्ह सोडवली. मग मी एन्टर दाबलं. तीन मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडे पाहत बसलो. आणि उठली तुझी मशीन! एक नाव नाही गेलं, एक रिपोर्ट नाही गेला. शिवाय सर्व्हरमध्ये तू बसवलेल्या नव्या डिस्कवर सगळ्याची दुसरी प्रत तयार! म्हणजे शेवटच्या रविवारी, छातीत कळ असताना, तू त्या पोरांचे रिपोर्ट दुहेरी करत होतास. आणि म्हणे, घेऊन गेले!

शुक्रवारी फुलबाईच्या पोरीला परत सुई टोचावी लागली नाही, हे तुला मुद्दाम सांगतो. एजन्सीवाल्याला मी खालच्या खाली परत पाठवला. आणि सेक्रेटरी? म्हणे, "चला, सुरू झालं ना? मंग आता कायले उकरून काढता?" कुंदाचं नाव नाही, तुझं नाव नाही. बोललेला शब्द हवेत गेला, झालं! मी म्हटलं, "साहेब, हसले तेव्हा माइक होता. आता काहून नाही?" तर घड्याळ पाहून निघून गेले.

मनोहर, मी अजून रडलो नाही. राग उतरला की ते होईल, म्हणून उतरू देत नाही.

कुंदा म्हणते, "दादा, मले हे सारं शिकवा." मंगळवारपासून आम्ही दोघं बसणार आहोत. दोन माणसांना ठाऊक नाही असं काहीच ठेवणार नाही.

आणि एक शब्द देतो. तेरवीला तो सेक्रेटरी येणारच, पहिल्या पंगतीत बसणारच. वाढायला मी उभा आहे. आधी तो उभा राहून चार लोकांसमोर, कुंदासमोर, गुरुवारचं बोलणं परत घेईल. तोवर सगळ्यांच्या पानात वरण-भात पडेल, त्याचं पान कोरडं राहील. म्हातारा आहे, पण माझ्या हातातली पळी कोणी हिसकून घेऊन दाखवावी!

तुझ्यावर रागावलेला,
तुझा नामूदादा
बोरसी