दोन सर्व्हरांची ओळख आणि मालकांचे घड्याळ

तीर्थरूप मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवावे. मामींचा खोकला गेला असेल असे धरून चालतो (नसल्यास तेही कळवावे). मी ठीक आहे. झोप मात्र तुकड्यातुकड्यांत लागते.

तुमच्या शब्दावर मालकांनी मला औषधांच्या गोदामात खोकी बांधण्यावरून उचलून संगणकाच्या खोलीत बसवले. आता त्यांचा हुकूम असा, की आपला सर्व्हर आणि पुलापलीकडच्या गोदामातला सर्व्हर यांनी एकमेकांना निरोप पाठवावेत, पण कुलूपबंद. वाटेत कोणाला वाचता येता कामा नयेत. शनिवारपर्यंत जमले तर खुर्ची माझी, नाही तर बाहेरचा इंजिनिअर येणार आणि मी पुन्हा खोक्यांवर. मी म्हटले, जमवतो.

यात प्रत्येक सर्व्हरने समोरच्याला आपले ओळखपत्र दाखवायचे असते. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. ते पटले, की दोघे गुपचूप बोलू लागतात. मी गुरुवारी सर्टिफिकेट बनवले, अक्षर न् अक्षर तीनदा ताडले आणि पाठवले. पलीकडच्या सर्व्हरने ते नाकारले. तिथल्या ऑपरेटरबाई (वयाने मोठ्या, जिभेने त्याहून मोठ्या) फोनवर म्हणाल्या, "नाही म्हणतोय रे बाबा." चूक माझीच असणार, म्हणून ते पुसून मी लगेच नवे बनवले. तेही नाकारले. मी हटलो नाही. जेवणाआधी नवे, जेवणानंतर नवे आणि शुक्रवारी सकाळी, शिळे नको म्हणून, पुन्हा नवे. बाई म्हणाल्या, "अरे, किती छापशील? जरा चहा तरी पी." मी चहाही नाकारला.

शेवटी दुपारी आणखी एक पाठवले आणि तेही नाकारल्यावर मी त्यांना नकाराखालची बारीक अक्षरांतली ओळ वाचायला लावली. हे सर्टिफिकेट अजून लागू झालेले नाही, साडेचारपासून लागू होईल, असे तिथे लिहिले होते. मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले आणि म्हटले, साडेचार तर वाजून गेले. त्या म्हणाल्या, "चार वाजलेत. झोपेत आहेस का?"

मामा, तेव्हा डोक्यात उजेड पडला. नोकरांनी वेळेवर यावे म्हणून मालक गोदामातली झाडून सगळी घड्याळे अर्धा तास पुढे ठेवतात (त्यावर कोणी बोलायचे नाही, असा इथला शिरस्ता आहे). सर्व्हरही त्यांनी सोडला नव्हता. त्यामुळे माझे सर्टिफिकेट पलीकडे पोहोचे तेव्हा तिथल्या वेळेनुसार ते जन्मलेलेच नसे. अर्धा तास हातावर हात ठेवून बसलो असतो, तर ते आपोआप चालले असते. पण मी बसणारा नव्हे.

मालकांना सांगायची छाती झाली नाही. दार लावून मी सर्व्हरचे घड्याळ बरोबर केले आणि नवे सर्टिफिकेट पाठवले. ते पटले. पहिला कुलूपबंद निरोप मी पाठवला, "पोहोचला का?" उत्तर आले, "पोहोचला. आता चहा पी." मालकांनी दोनदा पाहून "ठीक" म्हटले. म्हणजे खुर्ची माझी झाली. हे सर्व तुमच्यामुळेच, याची जाणीव आहे.

मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा भाचा

ता. क. : हजेरीचे यंत्र त्याच सर्व्हरवर चालते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आज सगळे नेहमीच्याच वेळी आले, पण यंत्राने त्यांना अर्धा तास लवकर आलेले दाखवले. इतक्या वर्षांनी घड्याळांचा गुण आला, असे म्हणत मालक गोदामभर हिंडले.

दुसरा ता. क. : या आनंदात ते सोमवारी सगळी घड्याळे आणखी पुढे करणार आहेत, सुरुवात सर्व्हरपासून. सर्टिफिकेट रोज सकाळी नवे करावे लागते, त्यामुळे तसे झाले तर पलीकडचा सर्व्हर ते पुन्हा नाकारील आणि मी खोक्यांवर जाईन. मालक फक्त तुमचे ऐकतात. उद्या सकाळी (म्हणूनच पत्र माणसाहाती पाठवतो आहे) त्यांच्याबरोबर फिरायला जाल तेव्हा त्यांना कसेही करून थांबवावे. माझे नाव काढू नये.

तिसरा ता. क. : निघण्यापूर्वी तुमचे मनगटी घड्याळ मात्र अर्धा तास मागे करून घ्यावे. ते मालकांनीच भेट दिलेले आहे.