सामानासकट विकणे आहे

३ मार्च
पोचले एकदाची! गाव टुमदार आहे: दगडी रस्ते, रंगीत दारं, आणि जुन्या घरांना खिळासुद्धा परवानगीशिवाय ठोकायचा नाही असा कायदा. विकायला काढलेल्या या घराचा इतिहास लिहायचा आणि आतल्या सामानाची यादी करायची, एवढंच माझं काम. इथली रीत अशी, की शिक्का बसलेल्या यादीत जे आलं ते घराबरोबर विकलं गेलं. उंबरठ्याबाहेर नेता येत नाही. विक्री होईपर्यंत राहायलाही इथेच. किल्ली देताना दलाल म्हणाले, ताई, घराला सगळं आहे, फक्त तोंड नाही, तेवढं तुम्ही द्या. वीस वर्षं सभा गाजवल्यात मी. तोंडाची काय कमतरता!

५ मार्च
माळ्यावर मागच्या सहा विक्रींच्या याद्या सापडल्या. पितळी दिवे चार, पलंग दोन, आरसा एक. आणि प्रत्येक यादीच्या शेवटी: ‘एक बाई.’ सहाच्या सहा याद्यांत! तळपायाची आग मस्तकाला गेली. पलंगाच्या खाली लिहायची गोष्ट आहे का बाई?

६ मार्च
दलालांना जाब विचारला. म्हणाले, अहो ताई, गेलेली माणसं, गेलेल्या चाली. गिऱ्हाईक पळेल, तुम्ही आपलं जिन्याच्या नक्षीवर लिहा. शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून हळूच म्हणाल्या, की यादी करायला येते तिला इथे फार राग येतो गं, जपून. मी म्हटलं, मावशी, राग येत नाही तो माणूस कसला!

७ मार्च
यादी दिली. खाली ठसठशीत अक्षरात मुद्दाम लिहिलं: ‘आणि एक बाई. मी. लाज नसेल तर विका!’ वाटलं, दलाल ओशाळतील, निदान भांडतील. त्यांनी शांतपणे शिक्का मारला.

८ मार्च
दूध आणायला निघाले. उंबरठा ओलांडला आणि पाऊल पडलं ते दिवाणखान्यात. तीन वेळा. खिडकीतून उडी मारली, तर पायाखाली गालिचा. शिंपीणबाईंना हाका मारमारून घसा बसला. त्यांनी वर पाहिलं, हळहळल्या, आणि स्वतःच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

९ मार्च
याद्या पुन्हा पाहिल्या. मला वाटलं होतं, ती ओळ मालकांनी लिहिली. नाही. सहा याद्या, सहा वेगवेगळी हस्ताक्षरं, आणि शेवटची ओळ यादी करणारीच्याच हातची. प्रत्येकीचा टाक तिथे रुतलाय, कागद फाटलाय. सगळ्या चिडल्या होत्या. माझ्यासारख्याच. हरामखोर घर! बळजबरी करत नाही — चिडवतं, आणि वाट बघतं.

१० मार्च
गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको. मी समोर उभी राहून ओरडले — अख्खं भाषण केलं. बायको म्हणाली, किती शांत आहे ना हो इथे. मग तिने आपला कोट काढला — आणि माझ्या खांद्यावर अडकवला.

११ मार्च
मान वळत नाही. हात तेवढा चालतो. राग आहे अजून — तोच आहे —

१२ मार्च
टेबलाशी बसलेत. माझ्याच टेबलाशी. कागद तयार — सही राहिली आहे. दलाल खिसे चाचपताहेत, पेन विसरलो म्हणताहेत. बायको म्हणाली, अहो, हे काय, इथेच तर आहे —
तिचा हात माझ्या पेनाकडे येतोय — नाही — हे माझं आहे, सोड — मी वस्तू नाही, ऐक, मी