पिवळी सोंगटी

प्रिय दादा,

जेवणं झाली की आपण आईबरोबर ल्यूडो खेळायचो, आठवतं? तिची पिवळी सोंगटी मारायची संधी आली की तू मुद्दाम दुसरीच हलवायचास. आई म्हणायची, "लबाडा, नीट खेळ!"

तू घर सोडलंस आणि तुझा पत्ताच लागला नाही. हल्ली माझं विणकाम, टीव्हीवरच्या मालिका सगळं मागे पडलंय. जुना कॉम्प्युटर मीच खोलून दुरुस्त केला आणि त्यावर अनोळखी लोकांशी ल्यूडो खेळते. काल एकाने माझी पिवळी सोंगटी मारता येत असूनही पुन्हा पुन्हा सोडली. मी लिहिलं, "लबाडा, नीट खेळ!"

उत्तर आलं, "आई?"

मी कॉम्प्युटरच बंद केला. आई गेली, हे तुला कसं सांगू?

जाताना ती वाटण्या करून गेली. शिवणयंत्र आपल्या धाकटीला, घड्याळ मला, पिवळी सोंगटी तुला.

तुझी,
बेबी