आदल्या गणिताचं उत्तर

प्रिय ताई,

सकाळपासून तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाहीये. रागावू नकोस. तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळेल, म्हणून लिहितोय.

तुला माहीतच आहे, आमच्या इस्पितळातल्या किरणोपचाराच्या मशीनचा कॉम्प्युटर गेला आणि नवा आला. पण कुणाला किती किरण द्यायचे, हे गणित अजूनही मशीनमधलं ते वहीएवढं जुनं हिरवं सर्किटचं कार्डच करतं. ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली. नव्या कॉम्प्युटरला या म्हाताऱ्याचं बोलणं कळेना, म्हणून दोघांमध्ये निरोप पोचवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिला. सगळे खूश झाले. तू तर बिल्डिंगभर दवंडी पिटलीस म्हणे.

परवा पेशंटांच्या यादीतले आकडे घालून चाचणी घेताना एकदाच, फक्त एकदाच, भलताच आकडा आला. नीट पाहिलं तर तो यादीतल्या आदल्या पेशंटचा होता. आठवतं, तू पाटीवर गणित सोडवायचीस आणि मी तुझं होण्याआधीच वरचं जुनं उत्तर उतरवून खेळायला पळायचो? थांब रे, होऊ दे, असं तू ओरडत राहायचीस. माझा ड्रायव्हर अगदी माझ्यावर गेलाय. कार्डाचं गणित पुरं व्हायच्या आत तो तिथं पडलेलं जुनं उत्तर उचलून मोकळा होतो. कधी आणि का, ते सापडत नाही. मी बघायला बसलो की शहाण्यासारखा वागतो.

साहेब म्हणाले, वायर सैल असेल, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. चाचणीत माणूस नसतो, पाण्याची टाकी असते. टाकीला काय होणार? खरं सांगतो ताई, मीही मान डोलावली होती. मग सिस्टरनी कौतुकानं सांगितलं की सोमवारचा पहिला नंबर तू हट्टानं मागून घेतलायस, भावाच्या हातचं काम आहे म्हणून. तेव्हापासून त्या टाकीकडे पाहिलं की मला तुझी मान दिसते, त्या गाठीसकट.

मी साहेबांशी भांडून मशीन बंद करायला लावलंय. दोष सापडेपर्यंत कुणालाच आत घ्यायचं नाही. मग डॉक्टरांना विचारलं, ताईच्या गाठीला थांबायला वेळ आहे का. ते लगेच दुसऱ्या इस्पितळांना फोन लावत बसले. अजून कुठेच जागा मिळालेली नाही. घाई केली तरी भीती तुझ्याच जिवाची, थांबलो तरी तुझ्याच. मला फार भीती वाटतेय ताई. सोमवारी येऊ नकोस. तुझे उपचार मीच थांबवलेत. आणि फोन का उचलत नाही, तेही सांगतो. हे ऐकल्यावर तू चिडणार नाहीस. सावकाश होऊ दे रे तुझं, मी थांबते, असंच म्हणशील, आणि ते मला ऐकवणार नाही.

तुझाच भित्रा
खुडबुड्या