मागे तोंड असलेली सीट

रेगेन्सबर्ग, जर्मनी
रविवार, ता. १७ सप्टेंबर २००६

चि. सौ. शमिका हिला बाबांचे आशीर्वाद. जयंतरावांना नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं जूनमधलं पत्र माझ्या उशाखाली आहे. कितीदा लिहायला बसलो, पण ‘इकडे सर्व ठीक’ एवढं लिहून झालं की पुढे हात चालत नाही. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी इथल्या भिंती पातळ आहेत आणि पलीकडे सुमित असतो. म्हणून पत्रच बरं. शुद्धलेखनाकडे बघू नकोस, मी सातवीपर्यंतचाच माणूस.

माझी तब्येत बरी आहे. बीपीच्या गोळ्या संपत आल्या आहेत. इथे चिठ्ठीशिवाय गोळी देत नाहीत आणि डॉक्टरची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून अर्धी-अर्धी घेतो. स्वरूपाला सांगितलेलं नाही, सून असली तरी ती ओरडेल. साताऱ्याच्या घराची किल्ली मालिनीवहिनींकडे आहे. पावसात मागची खोली गळली का, तेवढं बघायला सांग. रमेशला गिरणी चालवायला दिली आहे, त्याने पट्टा बदलला का? जुना पट्टा तुटला तर कोणाला लागेल, असं मनात येत राहतं.

आता गाडीचं सांगतो. सुमितने ती विकायला काढली आहे.

तू फोटो पाहिला होतास. लांबच लांब, अमेरिकन, बहात्तर सालची, बाजूने लाकडासारखी दिसणारी. ते लाकूड नव्हे, चिकटवलेली पट्टी आहे. इथून जवळ अमेरिकन सैनिकांची छावणी आहे, त्यांच्यातलाच कोणीतरी जाताना ती मागे सोडून गेला. सुमितने घेतली तेव्हा ती बंद होती. दिवसभर कारखान्यात नव्या गाड्या करायच्या आणि सुटीच्या दिवशी तळघरातल्या गॅरेजात ही जुनी, असं त्याचं चालायचं. तुझ्या आईने पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, “अगंबाई, केवढी ही! ह्यांची गिरणी आत ठेवली तरी चार गिऱ्हाइकं बसतील.”

इथे जुनी गाडी विकायची तर आधी जाणकार माणूस बोलावून ती तपासून घेतात. तो शाळेसारखे नंबर देतो, एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे भंगार. नुसती चालते की नाही एवढं बघून भागत नाही. कारखान्यातून निघताना तिच्यावर काय काय घालून दिलं होतं, हेही बघतात. सुमित म्हणाला, तेव्हा अमेरिकेत गिऱ्हाईक एकेक गोष्ट सांगून गाडी करवून घ्यायचं. थंड हवेचं यंत्र हवं का, टपावर सामानाची जाळी हवी का, मागची काच बटणाने खाली यायला हवी का. म्हटलं, मग आमच्या गिरणीसारखंच की. भाकरीला बारीक, भरड्याला जाड, ज्याला हवं तसं. तो हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदाच हसला, म्हणून तुला लिहिलं.

गुरुवारी ते ब्रांडल म्हणून गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, गुडघ्यांना चामडी गाद्या बांधलेल्या. गाडीखाली झोपले, दारं उघडून हुंगली, रंगाखाली पत्राच आहे ना, हे बघायला मॅग्नेट फिरवला. मी कोपऱ्यात उभा होतो. ते काय बोलतात ते स्वरूपा मला हळू आवाजात सांगत होती. थंड हवा आहे, चालत नाही. घड्याळ आहे, चालतं, ह्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. मागचं दार दोन्ही तऱ्हेनं उघडतं, खाली पडतं आणि बाजूलाही वळतं. तेही मूळचंच निघालं.

मग त्यांनी विचारलं, “तिसरी सीट?”

सुमित म्हणाला, “नाही.”

ब्रांडलांनी मागच्या फरशीवर बोटाने टकटक केलं, एक पट्टा ओढला, आणि सीट वर आली. ही सीट घडी करून फरशीत जाते. उघडली की तिचं तोंड मागच्या रस्त्याकडे असतं.

“आल्झो,” म्हणजे आपलं ‘हं, तर’, ते म्हणाले, “ही काय इथे आहे की! नसलेलं आहे म्हणून सांगणारे मला रोज भेटतात. असलेलं नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

सुमित म्हणाला, “ती लिहू नका.”

“का? हिच्यामुळे तर किंमत वाढते. फार कमी गाड्यांना ही घेतलेली असायची.”

“तरी नका लिहू.”

“तसं नाही हो चालत. आहे ते लिहावं लागतं.”

सीटच्या खाचेत शेंगदाण्यांची सालं होती. ब्रांडलांनी खिशातून छोटा ब्रश काढला, सालं झटकली आणि तपासणी पुढे सुरू केली. सुमित जिना चढून वर गेला. बाकीचं स्वरूपाने उरकलं. गाडीला दोन नंबर मिळाला. चांगला असतो म्हणे.

शमिका, तू मला आणि सुमितला वेगवेगळं विचारलं होतंस की शेवटी आईच्या तोंडात पाणी कोणी घातलं. तो म्हणाला मी घातलं. मी म्हणालो मी घातलं. तो म्हणाला रात्री, मी म्हणालो पहाटे. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. बरोबर आहे तुझं.

कोणीच घातलं नाही.

आईने प्राण सोडला तो दवाखान्यात नाही. त्या दिवशी सुमितच्या अन्वीला ईस्टरची सुटी होती. आम्ही नदीकाठच्या एका मठापर्यंत जाऊन आलो. आई त्या मागच्या सीटवरच बसायची. तिला ते आवडायचं. मागून येणाऱ्या गाड्यांना हात करायची, आणि म्हणायची, “इथे बसलं की बरं, तुमच्या बाबांचं टक्कल दिसत नाही.” येतानाही तिथेच बसली, शेजारी अन्वी. दोघी शेंगदाणे खात होत्या. निघताना म्हणाली, “मी जरा पडते, मला उठवू नका. घर आलं की सांगा.” ती तेवढंच बोलली. तू शेवटचे शब्द विचारले होतेस, ते हे.

वाटेत पेट्रोलसाठी थांबलो. अन्वी उतरून आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “ओमा श्लेफ्ट.” म्हणजे आजी झोपली आहे. तिने आपलं जाकीट आजीच्या अंगावर घातलं होतं. सुमितने दार अलगद लोटलं. आम्ही उभ्याउभ्या कॉफी घेतली. मी बिस्कीटही खाल्लं. पुढे सुमितने गाडी हळू चालवली, तिची झोप मोडू नये म्हणून.

घरी आल्यावर त्याने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, “आई, घर आलं.” मग पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. मग मी खाली उतरलो.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, आणि कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. अन्वीला आम्ही सांगितलं की आजी नंतर, दवाखान्यात गेली. तेच मग तुलाही सांगितलं. सगळ्यांचं तोंड पुढे होतं, तिचं मागे, आणि आम्हाला समजलं नाही, हे लिहायचं तरी कसं? सुमित म्हणाला, ताईला हे कधी कळू द्यायचं नाही. मी हो म्हणालो. मला ह्यावर रडू येत नाही. जेवतो, झोपतो, खाली जाऊन रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकून येतो. कसलंच काही वाटत नाही, ह्याची मात्र भीती वाटते.

सुमितचीही वाटते. संध्याकाळी तो खाली जाऊन त्या गाडीत बसतो. इंजिन बंद असतं, मी जाऊन बघून येतो. स्वरूपा विचारते, “अहो बाबा, काय करतात हे खाली?” मी सांगतो, काचा पुसतोय. ड्रेस्डेनचा एक माणूस गाडी न्यायला येणार आहे. त्याला ती सीट मुलांसाठीच हवी आहे. गाडी गेली की सुमित सुटेल असं स्वरूपाला वाटतं. मला वाटत नाही. आईच्या बाबतीत त्याला बोल लावणारं किंवा माफ करणारं माणूस एकच आहे, आणि ते कराडला आहे.

इथे अस्थी घरात ठेवू देत नाहीत. वकिलातीचे कागद आता झाले, त्या मिळतील. दिवाळीच्या आधी मी आणि सुमित घेऊन येतो आहोत. यंदा आपल्याला सण नाही, तुझ्याकडे ओवाळून घ्यायला तो येणार नाही, तेवढं त्याला समजतं. पण अस्थी कराडला संगमावरच सोडायच्या. तो पाण्यात उतरेल तेव्हा तू काठावर असावीस, असं मला वाटतं. त्याला रागावायचं असेल तर तिथे रागाव. मी मध्ये बोलणार नाही.

यायचं नसेल तर तेही लिही. नुसतं गप्प राहू नकोस, आता ह्या घरात गप्प बसणारं आणखी कोणी नको. आणि उत्तर मला घालू नकोस. पाकिटावर सुमितचं नाव घाल, पत्रपेटी तोच उघडतो. दोनच ओळी लिही, पण लवकर लिही.

तुझा
बाबा