एका टाक्याचं ऑपरेशन

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या शिंप्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी आपण हे नुसतं लिहितो. मी या वेळी खरोखरच पोटावर पालथा पडून घालून आलोय, फक्त जमिनीऐवजी ऑपरेशनच्या टेबलावर. तो तुझ्याच नावाने धरून घे.) तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू 'बरी आहे' म्हणणार आणि भाऊजी फोनवर खरं सांगणार. स्वयंपाकघरातून दारापर्यंत भिंत धरत जातेस, डावा पाय टेकला की ओठ चावतेस आणि ऑपरेशनचं नाव काढलं की कानांवर हात ठेवतेस, हे सगळं मला कळलंय. "आधी धाकट्याचं काय होतंय ते बघू, मग माझं ठरवू," असं तू घरात जाहीर केलंस, हेही कळलं. म्हणजे पाणी किती खोल आहे ते बघायला तू मला पुढे ढकललंस. हरकत नाही, लहानपणापासूनची सवय आहे.

तर तुला सगळं खरं खरं हवंय. भाऊजींनी मात्र बजावलंय, की फक्त चांगलं तेवढंच लिही, नाहीतर ही कायमचं अंथरूण धरेल. तेव्हा मी फक्त चांगलंच लिहितोय. चुकून काही वावगं निघून गेलं, तर ते वाचू नकोस.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे डॉक्टर. माणूस गुणी, कोट मात्र वाईट. त्यांनी समोर प्लॅस्टिकचा कणा ठेवला आणि समजावू लागले, की दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, तुमची बाहेर सरकून नसेवर बसलीय. आता पाठीला काजाएवढं भोक पाडायचं (त्यांनी माप वेगळं सांगितलं होतं, हे माझं), त्यातून पेन्सिलीसारखी नळी घालायची, नळीत कॅमेरा, आणि पडद्यावर बघत बघत तो तुकडा चिमट्याने ओढून काढायचा. स्नायू कापायचे नाहीत, नुसते बाजूला सारायचे. मी मान डोलावत होतो, पण लक्ष त्यांच्या कॉलरकडे. डावीकडची उजवीपेक्षा मोठी! असला कोट घालून माणूस दुसऱ्याचा कणा सरळ करायला निघतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. या नादात त्यांचं एक वाक्य निसटलं. ते असं, की पूर्ण भूल देत नाहीत. तेवढीच जागा बधिर करतात आणि पेशंटला जागा ठेवतात, म्हणजे नसेला धक्का लागला तर तो सांगू शकतो. हे मला टेबलावर पालथा झोपवल्यावर कळलं. "झोपेचं इंजेक्शन राहिलं!" म्हणून मी ओरडलो, तर नर्सबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही झोपलात तर आम्हाला सांगणार कोण?" (हेही चांगल्यातच धर. पेशंटला किती मान आहे बघ.)

त्या टेबलाला तोंडासाठी एक भोक असतं. त्यातून फरशी दिसते, आणि फरशीवर डॉक्टरांचे पाय. ताई, त्यांच्या त्या हिरव्या पायजम्याची उजव्या पायाची तुरपाई उसवलेली होती. दोरा लोंबतोय, कड बुटाखाली येतेय. तू मला ओळखतेस. परक्या माणसाची बाही उसवलेली दिसली तरी माझा घास अडतो. इथे तर हा माणूस माझ्या पाठीत नळी घालून उभा, आणि त्या कडेत पाय अडकून पडला तर? मला ताकीद होती, की पायात काही झालं तर लगेच बोलायचं, एरवी तोंड बंद. मी बराच वेळ जीभ आवरली. शेवटी राहवेना. म्हटलं, "डॉक्टर, पाय!" सगळं जागच्या जागी थांबलं. डॉक्टर एकदम मऊ आवाजात म्हणाले, "कुठला पाय? डावा?" म्हटलं, "उजवा. तुमचा. तुरपाई गेलीय." त्यावर ते मला जे बोलले, ते काही चांगल्यात बसत नाही. नर्सबाईंनी भोकाखाली एक चकचकीत ट्रे सरकवला, म्हणजे पुढचा सगळा वेळ मला स्वतःचंच तोंड बघत पडावं लागलं.

मध्येच एकदा पायातून अशी कळ गेली, की मी आधी आईला हाक मारली आणि पाठोपाठ तुला. (ही ओळ भाऊजींच्या हुकमातली नव्हे. खोडणार होतो, पण खोडाखोडीचं पत्र मला बघवत नाही.) डॉक्टर उलट खूश. "छान! आता कळलं नस कुठे आहे ते." मग थोड्या वेळाने बाटलीत घालून तो तुकडा दाखवला. कॉलरीत घालतो त्या बुकरमची भिजलेली चिंधी, बस्स. एवढ्याशा चिंधीपायी मी मशीनवर बसून मुळूमुळू रडत होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या पायांनी जिना चढून घरी आलो, आणि खरा त्रास तिथून पुढे. टाका एकच! भेटायला येणाऱ्यांची घोर निराशा. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी आल्याआल्या सदरा वर करून आपल्या पोटावरची जुनी वीतभर खूण दाखवली आणि म्हणाले, "आता तुमची काढा." मी पाठ केली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "ऑपरेशन कुठल्या बाजूला आहे?" शेवटी तुझ्या भावजयीला दया आली. तिने त्या टाक्याभोवती पांढऱ्या अस्तराचे वेढेच वेढे गुंडाळून माझी पाठ भारदस्त केली. आता लोक नीट हळहळतात आणि जाताना पाणीसुद्धा मागत नाहीत.

बरं, तो टाका तरी कसा? दुकानातले दोन आरसे समोरासमोर धरून पाहिला, तर किंचित तिरका. मी तडक फोन लावला. डॉक्टर म्हणाले, तो आठवड्याने काढायचाच आहे. म्हणजे कच्चा टाका होता! हे आधी सांगायला नको? बाकी वाकायला मनाई असल्याने पडलेल्या सुया मी टेपला लोहचुंबक बांधून उभ्याउभ्या गोळा करतो. काल त्याला हिच्या चपलेचं बक्कल चिकटलं, आणि ही चालत होती.

एकंदरीत सगळं चांगलंच आहे. जिवाला जप. भाऊजींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र भाऊजींच्या हाती लागू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. : मुख्य लिहायचं राहिलंच. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मला उभं केलं, तेव्हा पाय टेकवून मी कळ येण्याची वाट बघत राहिलो. आलीच नाही. मी तिथेच उभा राहून ढसाढसा रडलो. नर्सबाईंना सांगितलं, औषधाचा वास झोंबला. त्यांनी कापूस दिला. मला फार भीती वाटली होती, ताई. ती भीती खरी, आणि कळ आली नाही हेही खरं.

तिसरा ता. क. : रागावू नकोस. भाऊजींनी तुझा एमआरआय तुझ्या नकळत माझ्याकडे पाठवला होता. मी तो डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, प्रत्येकाला ही पद्धत चालत नाही, यांना चालेल, पण आणखी वेळ काढला तर पायातली ताकद जाईल. तुझ्या नावाने सोमवारची वेळ घेतलीय. मी बाहेर बसून राहीन. तुझी हाक आली तर ओ देईन.

शेवटचा ता. क. : तुला ठाऊक नाही, पण तू वाकायला लागल्यापासून तुझे कुडते मी पुढून आखूड आणि मागून लांब कापतोय. म्हणजे घातल्यावर कड सरळ दिसते आणि तुला जाणवत नाही. दर कुडत्याला थोडं जास्त. आता माझ्याच्याने ते होत नाही. काल निळं कापड आणलं आणि पुढची-मागची उंची एकच धरून आखून दिलं. तुझ्या भावजयीने कात्री चालवली. कापून झालंय. तेव्हा ये. या खेपेला मापात तुला बसायचंय.